परदेशी खेळाडू आणि देशी फुटबॉल : संख्येपलीकडचा प्रश्न

फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धांत परदेशी खेळाडूंना किती स्थान असावे, हा जगभरातील क्रीडा प्रशासनापुढील जुना प्रश्न आहे. परदेशी खेळाडूंमुळे स्थानिक गुणवत्तेची वाट अडते आणि राष्ट्रीय संघ दुबळा होतो, असे एक मत आहे. त्यांच्यामुळे स्पर्धेचा दर्जा उंचावतो व देशी खेळाडू त्यांच्या सहवासात घडतात, असे दुसरे मत आहे. खुली बाजारपेठ आणि देशी क्षमतेचे संवर्धन यांतील ताण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकांना परिचित आहे. क्रीडाक्षेत्रातही तो तितकाच खरा आहे.

युरोपमधील पार्श्वभूमी

युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बॉसमन प्रकरणात निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूला हस्तांतरण शुल्काविना दुसऱ्या क्लबकडे जाण्याचा हक्क त्याने मान्य केला आणि युरोपीय संघातील सदस्य देशांच्या नागरिकांवरील संख्येची मर्यादा बेकायदा ठरवली. श्रमिकांच्या मुक्त संचाराचे तत्त्व खेळाडूंनाही लागू होते, हे यातून स्पष्ट झाले.

याचा सर्वाधिक परिणाम इंग्लंडमध्ये दिसला. १९९२ मध्ये प्रीमियर लीगच्या पहिल्या फेरीत ब्रिटन व आयर्लंडबाहेरचे अवघे १३ खेळाडू सुरुवातीपासून मैदानात उतरले होते. डिसेंबर १९९९ मध्ये चेल्सी क्लबने आपल्या पहिल्या अकरा खेळाडूंत एकही ब्रिटिश खेळाडू न घेता सामना खेळला. पुढे २००८ च्या युरो स्पर्धेसाठी इंग्लंडचा संघ पात्र ठरू शकला नाही, तेव्हा दोष परदेशी खेळाडूंवर ठेवला गेला. तथापि १९७४, १९७८ आणि १९९४ च्या विश्वचषकांसाठीही इंग्लंड पात्र ठरला नव्हता, आणि तेव्हा तेथे परदेशी खेळाडू अल्पसंख्य होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

बंदी की बांधणी?

१९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून पराभव झाल्यानंतर इटलीने परदेशी खेळाडूंच्या आयातीवर बंदी घातली. ती १९८० पर्यंत टिकली. १९८२ मध्ये विश्वविजेता ठरलेला संघ याच काळात घडला, असे बंदीचे समर्थक सांगतात. परंतु बंदी असतानाच १९७४ मध्ये इटली पहिल्या फेरीत बाद झाला होता. शिवाय बंदी उठल्यानंतर अनेक वर्षे खुल्या असलेल्या स्पर्धेतूनच २००६ चा विश्वविजेता संघ उभा राहिला. केवळ बंदीने यशाचे स्पष्टीकरण होत नाही.

जर्मनीने वेगळा मार्ग निवडला. २००० च्या युरो स्पर्धेत साखळीतच गारद झाल्यानंतर व्यावसायिक क्लबांना युवा प्रशिक्षण अकादमी चालवणे बंधनकारक करण्यात आले. परदेशी खेळाडू येत राहिले, पण खालून येणाऱ्या देशी खेळाडूंचा प्रवाहही रुंदावला. २०१४ चा विश्वचषक जिंकणारा संघ मुख्यतः या व्यवस्थेतून आला.

इंग्लंडनेही पुढे हाच धडा घेतला. २०१०-११ पासून प्रीमियर लीगमधील २५ जणांच्या संघात ‘स्थानिक घडणी’चे नसलेले खेळाडू कमाल १७ असावेत, असा नियम आला. येथे कसोटी नागरिकत्वाची नसून प्रशिक्षणाची आहे : वयाच्या एकविसाव्या वर्षापूर्वी किमान तीन वर्षे इंग्लंड वा वेल्समधील क्लबांत नोंदणी असली पाहिजे. २०१२ मध्ये अकादमींच्या प्रतवारीची योजना लागू झाली. २०१७ मध्ये इंग्लंडने १७ वर्षांखालील व २० वर्षांखालील दोन्ही विश्वचषक जिंकले. यांपैकी पहिल्या स्पर्धेचा अंतिम सामना कोलकात्यात झाला होता. २०२१ आणि २०२४ मध्ये इंग्लंडचा वरिष्ठ संघ युरो स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. या काळात प्रीमियर लीगमध्ये परदेशी खेळाडूंचेच बाहुल्य होते.

भारताचा अनुभव

१९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान हा भारतीय फुटबॉलचा वैभवकाळ होय. आशियाई क्रीडा स्पर्धांतील पुरुष संघाचे अखेरचे पदक १९७० चे आहे. मजीद बिश्कर किंवा चिमा ओकोरी यांच्यासारखे परदेशी खेळाडू कोलकात्याच्या मैदानांवर गाजले ते १९८० च्या दशकात. म्हणजेच घसरण आधी सुरू झाली होती.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एका संघातून एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. २०१७-१८ मध्ये ही मर्यादा पाचवर आणि २०२१-२२ मध्ये चारवर आणण्यात आली. याच कालखंडातील जागतिक क्रमवारी उद्बोधक आहे. मार्च २०१५ मध्ये १७३ व्या स्थानी असलेला भारत जुलै २०१७ मध्ये ९६ व्या स्थानी पोहोचला. मर्यादा चारवर आल्यानंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १४२ व्या स्थानी होता. क्रमवारीवर अनेक घटकांचा प्रभाव असतो. तरीही परदेशी खेळाडू कमी केले की राष्ट्रीय संघ आपोआप सुधारतो, हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग परदेशी खेळाडूंचा परिणाम नेमका कोठे होतो? त्याचे उत्तर मैदानावरील जागांत आहे. क्लब साहजिकच सर्वांत निर्णायक जागांसाठी, विशेषतः गोल करणाऱ्या आघाडीपटूसाठी, परदेशी खेळाडू आणतात. १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये सर्वाधिक गोल बायचुंग भुतियाने केले होते. याउलट इंडियन सुपर लीगच्या २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करण्याचा मान प्रत्येक वेळी परदेशी खेळाडूस मिळाला. भारतीय गोलरक्षक, बचावपटू व बगलेवरचे खेळाडू यांना नियमित संधी मिळाली, पण मध्यवर्ती आघाडीपटू घडला नाही.

त्याची किंमत राष्ट्रीय संघाने मोजली. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, चाळीसाव्या वर्षी, पुन्हा पाचारण करावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगाव येथे सिंगापूरकडून पराभव झाला आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारे बंद झाली.

पुढील दिशा

खेळण्याची प्रत्यक्ष संधी किती मोलाची असते, हे ‘इंडियन ॲरोज’ या प्रयोगातून दिसते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातील अनेक भारतीय खेळाडूंना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या संघातून आय-लीगमध्ये उतरवले. त्यात परदेशी खेळाडू नव्हते. जिक्सन सिंग, सुरेश सिंग वांगजाम व अन्वर अली हे पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघात आले. हा संघ २०२२ मध्ये विसर्जित करण्यात आला.

यावरून तीन गोष्टी सुचतात. पहिली, १८ ते २२ वयोगटातील खेळाडूंसाठी दीर्घ मुदतीच्या स्पर्धा हव्यात. दुसरी, क्लबांचा परवाना अकादमीच्या प्रत्यक्ष कामगिरीशी जोडला जावा. तिसरी, परदेशी खेळाडूंच्या निवडीत संख्येबरोबर त्यांच्या दर्जाचाही विचार व्हावा. क्रीडा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये असल्याने शालेय व जिल्हा स्तरावरील मैदाने, प्रशिक्षक व स्पर्धा यांची मोठी जबाबदारी राज्यांवर येते. हा पाया भक्कम नसेल, तर परदेशी खेळाडूंनी रिकामी केलेली जागा भरण्यास देशी खेळाडू मिळणार नाही.

सारांश, परदेशी खेळाडू हे देशी फुटबॉलच्या दुर्बलतेचे मूळ कारण नाहीत. ते ती दुर्बलता झाकतात, आणि राष्ट्रीय संघ मैदानात उतरला की ती उघडी पडते.

सरावासाठी प्रश्न : ‘देशी क्रीडागुणवत्तेच्या विकासासाठी परदेशी खेळाडूंवरील मर्यादेपेक्षा प्रशिक्षण व स्पर्धांची रचना अधिक निर्णायक ठरते.’ भारतीय व युरोपीय फुटबॉलमधील उदाहरणांच्या आधारे या विधानाचे परीक्षण करा.