कैरोला निघालेल्या मराठी घरांसाठी

नोकरी, शिक्षण किंवा बदलीच्या निमित्ताने इजिप्तला येणाऱ्या आपल्या माणसांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून इथे स्थिरावलेल्या घरांकडे लिहून मागितलं. ज्याने जे जसं लिहिलं, ते तसंच ठेवलं आहे. मतं ज्याची त्याची.

कागदपत्रं आणि नोकरी
(पोर्ट सैदच्या एका कारखान्यातले अभियंते)

इजिप्त अपोस्टिलच्या करारात नाही. त्यामुळे नुसत्या अपोस्टिलचा इथे उपयोग नाही, त्यावर पैसे घालवू नका. क्रम असा: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग इजिप्तचा दिल्लीतला दूतावास किंवा मुंबईतली वकिलात. इथे आल्यावर इजिप्तच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मान्यताप्राप्त अनुवादकाकडून अरबी भाषांतर. पदवी, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले या सगळ्यांना हे लागू. भारतातून निघण्यापूर्वीच करा. इथून कुरिअरने करायचं म्हटलं तर महिने जातात.

कामाचा परवाना कंपनी काढते. कंपनीत परदेशी माणसं साधारणपणे एकूण मनुष्यबळाच्या 10 टक्क्यांपर्यंतच ठेवता येतात. म्हणून ऑफर हाती आली की तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे का, हे स्पष्ट विचारा. परवान्यासाठी एचआयव्ही चाचणी लागते. पर्यटक व्हिसावर रुजू व्हायला कुणी सांगितलं तर नकार द्या. राहण्याच्या परवान्याचं कैरोतलं काम आता अब्बासियाला चालतं. जुनी माणसं तहरीर चौकातल्या मुगम्मा इमारतीचं नाव सांगतील. ते जुनं झालं.

पगार कोणत्या चलनात, हे करारात लिहून घ्या. 6 मार्च 2024 ला इजिप्शियन पाउंड एका दिवसात डॉलरला सुमारे 31 वरून 50 च्या आसपास घसरला. ज्यांचा पगार पाउंडात होता, त्यांनी घरी पाठवायची रक्कम त्या एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी झाली.

ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या आणू नका, तुरुंगात जाल. बाकी औषधं चिठ्ठीसकट आणा. पूल, पोलीस चौकी, लष्करी जागा यांचे फोटो काढू नका. ड्रोन आणू नका. दोन गोल पिनांचे प्लग लागतात, वीज जवळपास आपल्यासारखीच, 220 व्होल्ट. आठवड्याची सुट्टी बहुतेक ठिकाणी शुक्रवार-शनिवार. रविवारी ऑफिस असतं.

माझं नाव माझंच आहे, हे सिद्ध करताना
(नस्र सिटीतल्या एक ताई)

वरचं सगळं आमच्या यजमानांनी केलं होतं. शिक्के होते, भाषांतर होतं. तरीही माझा राहण्याचा परवाना एका कचेरीत अडकला, तो नावावरून. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं नाव, मधे यजमानांचं. लग्नात नावही बदललं, म्हणजे पहिला शब्दसुद्धा जुळेना. खिडकीमागच्या बाई दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, या दोन वेगळ्या बायका आहेत.

इथे लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. तिच्या नावापुढे वडिलांचं, आजोबांचं नाव जन्मभर राहतं. त्यामुळे "नवऱ्याचं नाव लावलं" हे त्यांना पटेचना. त्यात भाषांतरकाराने आणखी भर घातली. अरबीत प नाही, च नाही. एका कागदावर आडनावातला प ब झाला होता, दुसऱ्यावर फ. यजमानांच्या आणि माझ्या आडनावाचं स्पेलिंग एकमेकांशी जुळेना! उद्या या, पुढच्या आठवड्यात या, साहेब नाहीत, शिक्का निळा हवा. उन्हात पोर कडेवर घेऊन मी त्या रांगेत उभी राहिले आहे. दुसऱ्या कुणा बाईवर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहिते आहे.

बायकांनो, नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद घ्या आणि तिचंही साक्षांकन करून आणा. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र जोडा. सगळ्या कुटुंबाची भाषांतरं एकाच अनुवादकाकडून करा आणि अरबीतलं नाव एकदा ठरलं की त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. प्रत्येक कचेरीत तोच दाखवा. ज्यांचं लग्न अजून व्हायचंय आणि इकडे यायचंय, त्यांनी नाव बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. सासूबाईंना वाईट वाटलं तरी चालेल.

स्वयंपाकघर
(मादीतल्या एक काकू, बरीच वर्षं इथेच)

घाबरू नका, इथे उपाशी राहायची वेळ येत नाही. बामिया म्हणजे भेंडी, लहान आणि कोवळी. कोलकास म्हणजे अळकुडीच, पण चांगली मोठी. हेल्बा म्हणजे मेथीदाणे, कोझबरा म्हणजे कोथिंबीर, कम्मून म्हणजे जिरं. हे सगळं अत्ताराच्या म्हणजे मसालेवाल्याच्या दुकानात सुटं मिळतं. दुधात गमूसी मागा, म्हणजे म्हशीचं. सम्ना बलदी म्हणजे साजूक तूप. घेण्यापूर्वी हुंगून बघा. गूळ सहज मिळत नाही, पण असल इस्वद म्हणजे आपली काकवी प्रत्येक वाण्याकडे असते. तिळाच्या ताहिनीत कालवून पोळीशी खा, मुलांना फार आवडते.

तांदूळ बुटका आणि चिकट. वरणभाताला चांगला, पुलावाला नाही. अद्स म्हणजे मसूरडाळ भरपूर. तूरडाळ मात्र बरोबर आणा. हिंग, गोडा मसाला, आमसुलं, पोहे, साबुदाणा, बारीक मोहरीही आणा. पीठ बहुतेक पांढरं असतं, पोळ्या वातड होतात. रद्दा म्हणजे कोंडा वेगळा मिळतो. तो मूठभर घेऊन पिठात मिसळा आणि कणीक तासभर मुरू द्या.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: सियामी. इथले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातला मोठा काळ उपास पाळतात आणि त्या जेवणात मांस, अंडी, दूध नसतं. हॉटेलात "सियामी" म्हटलं की वाद न घालता तसं पान येतं. काही उपासांना मासा चालतो, तेवढं विचारून घ्या. कोशरी तर आहेच: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि लसणाचं व्हिनेगर. फूल (बाकल्याची उसळ) आणि तामिया (बाकल्याचे वडे) गाड्यावरही बिनमांसाचेच असतात.

जुलैपासून इस्माइलियाचे आंबे येतात. एका जातीचं नाव हिंदी, एकीचं अल्फोन्स. आपला हापूस तो नव्हे, पण आमरसाला हरकत नाही.

वैद्यकीयला येणाऱ्या मुलामुलींसाठी
(शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी)

'नीट' ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असल्याशिवाय येऊ नका, परत जाऊन प्रॅक्टिस करता येणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचं शिक्षण, इंग्रजी माध्यम आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. इथला अभ्यासक्रम पाच वर्षं आणि वर दोन वर्षं इंटर्नशिप असा आहे. वर्ग इंग्रजीत, पण पेशंट अरबीतच बोलतो. पहिल्या वर्षापासून बोली शिका. मेट्रोत मधले डबे बायकांसाठी राखीव असतात, मुलींनी त्यातच बसावं.

मुलांची मराठी
(हेलिओपोलिसमधले एक ज्येष्ठ)

मला स्पष्ट बोलायचं आहे. इथे आलेली तरुण जोडपी मुलांशी इंग्रजीत बोलतात आणि मग सुट्टीत आजीला नातवाशी बोलायला दुभाषा लागतो. हे चूक आहे. घरात मराठीच बोला. वेळ मोजा: हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीच. शाळेतून आल्यावर आजी-आजोबा जागेच असतात. रोज फोन लावा, रोज.

गणपती घरी बसवा. शाडूची छोटी मूर्ती आणा, आरतीचा आवाज बेताचा ठेवा आणि विसर्जन बादलीत करा. नाईलवर जाऊन करू नका. शेजाऱ्यांना मोदक द्या, बव्वाबला म्हणजे दारावरच्या रखवालदाराला आधी द्या. रमजानात त्यांच्या घरून ताट येतं, ते रिकामं परत करू नका. जी माणसं आपल्याला सांभाळून घेतात, त्यांच्यासमोर दिवसा रस्त्यात खाऊ-पिऊ नये, एवढी रीत आपण पाळलीच पाहिजे.

शेवटी घरभाड्याबद्दल इतकंच: करार लेखी घ्या, मालकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या, राहण्याच्या परवान्याच्या वेळी दोन्ही मागतात.

शाळा आणि अलेक्झांड्रिया यांवर या वेळी मजकूर आलेला नाही. ज्यांची मुलं इथे शिकली, त्यांनी जरूर लिहून पाठवावं. तोवर हे आकडे फ्रिजवर चिकटवा: रुग्णवाहिका 123, पोलीस 122, अग्निशमन 180, पर्यटक पोलीस 126.