अ‍ॅप्लिकेशनचे काय आणि सर्व्हरचे काय

जावात वेब-अ‍ॅप्लिकेशन लिहिता येणारे तरुण बांभोरीच्या आणि शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरसाल बाहेर पडतात. परंतु लिहिलेले अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चढवून वर्षानुवर्षे विनातक्रार चालते ठेवणे ही विद्या निराळी आहे, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या बंद पडलेल्या सर्व्हरपाशी उभे राहूनच शिकावी लागते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि व्यापारी पेढ्या यांच्या अशा सर्व्हरांपाशी माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे, त्यातून माझ्या मनाशी पक्की झालेली एक गोष्ट येथे नमूद करतो: कोणती बाब अ‍ॅप्लिकेशनची आणि कोणती सर्व्हरची, याची वाटणी जेथे आरंभीच झालेली नसते, तेथील पुढचे बहुतेक तंटे त्या न झालेल्या वाटणीतूनच उद्भवतात.

ही वाटणी काही मी शोधून काढलेली नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ई-ई नावाचे जे मानक प्रसिद्ध केले, त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती की, डेटाबेसची जोडणी, व्यवहारांची अखंडता, वापरणाराची ओळख ही सगळी तजवीज सर्व्हरने करावी आणि अ‍ॅप्लिकेशनने केवळ आपल्या धंद्याचे नियम सांगावेत. धन्याने धान्य काढण्याचा हुकूम द्यावा आणि कोठाराची किल्ली कोणत्या खुंटीला आहे हे कारभाऱ्याने जाणावे, तसा हा प्रकार. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही त्या कारभाऱ्यांचीच नावे. प्रत्यक्षात मात्र मी जेव्हा जेव्हा एखाद्या संस्थेची वॉर फाईल उघडून पाहिली, तेव्हा डेटाबेसचा पत्ता, त्याचा पासवर्ड आणि पावत्या साठवण्याच्या फोल्डरचा डी-ड्राइव्हपासूनचा संपूर्ण मार्ग हे सारे अ‍ॅप्लिकेशनच्या पोटातच कोरलेले आढळले. परिणाम असा की, पासवर्ड बदलावयाचा म्हटले तरी अ‍ॅप्लिकेशन नव्याने बांधावे लागे, आणि ते बांधू शकणारा मुलगा तोवर नोकरीसाठी पुण्याला निघून गेलेला असे. उपाय साधा आहे: सर्व्हरमध्ये डेटासोर्स निर्माण करून त्याला एक नाव द्यावे, अ‍ॅप्लिकेशनने फक्त त्या नावाने हाक मारावी, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर आणि खऱ्या यंत्रावर एकच फाईल अक्षराचाही बदल न करता चालते.

कारभारी किती मोठा नेमावा, हाही प्रश्न आहेच. निविदेत ‘एंटरप्राइझ’ हा शब्द आहे एवढ्यासाठी अवजड सर्व्हर मागवून तो अपुऱ्या मेमरीच्या जुन्या यंत्रावर बसविलेला मी पाहिला आहे, आणि त्यावर चालत काय होते, तर दहा-बारा जेएसपी पाने आणि एक डेटाबेस! एवढ्या कामाला टॉमकॅट पुरतो. निरनिराळ्या डेटाबेसांवर एकाच वेळी उमटणारे व्यवहार, संदेशांच्या रांगा, सर्व्हरांचा समूह यांची खरोखर गरज असेल तरच वाइल्डफ्लाय किंवा त्याहून थोर मंडळींकडे वळावे.

आता ज्या बाबीने मला सर्वाधिक रात्री जागविले तिच्याकडे येतो. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेचे प्रवेशाचे अ‍ॅप्लिकेशन ऐन प्रवेशाच्या दिवसांत सकाळी उत्तम चाले, दुपारपर्यंत मंदावे आणि मग पूर्णपणे गोठे. ‘रिस्टार्ट मारा’ हा तेथील कारकुनांचा ठरलेला उपाय होता आणि तो लागूही पडे, म्हणूनच मूळ रोगाचा तपास कोणी केलेला नव्हता. रिस्टार्ट हा पुरावा नष्ट करणारा उपाय आहे, हे ध्यानात ठेवावे. सर्व्हर गोठलेला असतानाच जे-स्टॅक या जावाच्याच साधनाने थ्रेड-डंप काढला, तेव्हा सर्व थ्रेड एकाच दारात तिष्ठत उभे असलेले दिसले: डेटाबेसची जोडणी मिळण्याची वाट पाहत. कार्यकारणाची साखळी अशी होती. टॉमकॅटच्या कनेक्शन-पूलमध्ये, आपण काही सांगितले नाही तर, एका वेळी ८ जोडण्या वापरात राहू शकतात. अर्ज नामंजूर झाल्यावर उघडणाऱ्या एका पानात जोडणी परत करण्याची ओळ अपवाद उद्भवताच ओलांडली जाई. अशा आठ चुकार अर्जांनंतर पूल रिकामा होई. पुढे येणाऱ्या प्रत्येक विनंतीने किती वेळ थांबावे याची मुदत मूळ व्यवस्थेत नसल्यामुळे ती अनंतकाळ थांबे, आणि टॉमकॅटचे मूळचे २०० थ्रेड असे एकेक करून अडकले की, डेटाबेसशी काडीचा संबंध नसलेले मुखपृष्ठसुद्धा उघडेनासे होई. पूलचा आकडा ८ वरून ८० करावा, अशी सूचना तेथे कोणीतरी गंभीरपणे मांडली होती. त्याने सर्व्हर दुपारऐवजी संध्याकाळी गोठला असता, इतकेच. जोडणी जेथे घेतली तेथेच ती ट्राय-विथ-रिसोर्सेसच्या कंसात बांधावी, जी सोय जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, उपलब्ध आहे. पूलला थांबण्याची मुदत द्यावी. आणि परत न आलेली जोडणी कोणत्या ओळीने नेली हे लॉगमध्ये लिहिण्याचा हुकूम पूलला देऊन ठेवावा. सर्व सर्व्हरांच्या पूलांची बेरीज डेटाबेसच्या मर्यादेच्या आत आहे ना, हेही पाहावे; मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे.

याच पूलचा एक पोटविकार असा की, मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, निपचित पडलेली जोडणी स्वतःहून तोडते. संध्याकाळी कार्यालय बंद होऊन सकाळी उघडेपर्यंत आठ तासांहून अधिक वेळ जातो, म्हणून पहिल्या माणसाला चूक दिसते आणि मागाहून येणाऱ्यांना सर्व काही सुरळीत दिसते. जोडणी हाती देण्यापूर्वी ती जिवंत आहे की नाही हे पूलने तपासून पाहावे, एवढी सोय केली की हा विकार जातो.

मराठी नावांची जी विटंबना होते तिचे मूळही वाटणीतच असते. नावांऐवजी फुटक्या रोमन अक्षरांची रांग दिसणे आणि प्रश्नचिन्हांची रांग दिसणे या दोन भिन्न व्याधी आहेत. पहिलीत मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त वाचणारा चुकीच्या लिपिसंकेताने वाचत असतो. दुसरीत मजकूर साठवतानाच गमावलेला असतो आणि मूळ अर्जाच्या कागदावाचून तो परत मिळत नाही. प्रोग्रामरच्या यंत्रावर एक्लिप्समध्ये यूटीएफ-८ ठरवून दिलेले असल्यामुळे सारे शुद्ध दिसते. तेच अ‍ॅप्लिकेशन विंडोजच्या सर्व्हरवर सेवा म्हणून चढले की जावा त्या यंत्राचा संकेत उचलते. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ हाच मूळ संकेत झाला आहे आणि मायएसक्यूएलनेही ८.० पासून लॅटिन-१ सोडून यूटीएफ-८ चा अंगीकार केला आहे. परंतु आपल्या जिल्ह्यांतील किती तरी सर्व्हर त्यापूर्वीच्या आवृत्त्यांवर चालताना मी पाहिले आहेत. म्हणून जावाला, सर्व्हरला, डेटाबेसच्या तक्त्याला आणि त्याच्या जोडणीला, असे चारही ठिकाणी स्पष्ट सांगावे.

दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या शेजारी राहूनही भारनियमनाचे चटके खाल्लेल्या प्रदेशात विजेचा विचार वेगळा सांगावा लागू नये, तरी सांगतो. लाईट जाऊन आली की यंत्र आपोआप उठते, पण सर्व्हर आणि डेटाबेस यांपैकी कोणी आधी उठावे हे ठरलेले नसेल तर सर्व्हर आधी उठतो, डेटाबेस सापडत नाही म्हणून अ‍ॅप्लिकेशन सुरू होण्याआधीच बंद पडते, आणि जळगावहून एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने धुळे गाठून एक बटण दाबावे लागते. सर्व्हर सेवा म्हणून बसवावा, त्याचे डेटाबेसवरील अवलंबन लिहून द्यावे, आणि भर दिवसा मुद्दाम प्लग काढून आपल्या डोळ्यांदेखत एकदा परीक्षा घ्यावी.

नवी आवृत्ती चढविण्याच्या बाबतीत दोन गोष्टी. संथ जोडणीवरून वॉर फाईल थेट वेब-अ‍ॅप्स फोल्डरमध्ये पाठवू नये. टॉमकॅट त्या फोल्डरवर नजर ठेवून असतो आणि अर्धी आलेली फाईलही उलगडू लागतो. ती अन्यत्र उतरवावी, तिचा चेकसम ताडून पाहावा आणि मग त्याच डिस्कवर सरकवावी. दुसरे असे की, चालत्या सर्व्हरवर वारंवार डिप्लॉय केल्यास अ‍ॅप्लिकेशनने मागे सोडलेले थ्रेड आणि डेटाबेसचे ड्रायव्हर जुन्या आवृत्तीचे क्लास मेमरीतून सुटू देत नाहीत. पूर्वी ‘पर्मजेन’ संपल्याची चूक तरी दिसे. २०१४ च्या जावा ८ पासून ती जागा मेटास्पेसने घेतली, त्याला मूळ मर्यादाच नाही, म्हणून आता सर्व्हर मुकाट्याने यंत्राची मेमरी खात राहतो. खऱ्या यंत्रावर सर्व्हर थांबवावा, मग चढवावे.

व्यवस्थापनाची दारे, वाइल्डफ्लायचे ९९९० आणि वेबलॉजिकचे ७००१, इंटरनेटला उघडी ठेवू नयेत. ‘आमच्याकडे कोण येणार’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. २०१६ मध्ये सॅमसॅम नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने न दुरुस्त केलेले जेबॉस सर्व्हर शोधून रुग्णालये वेठीस धरली, तेव्हा त्यानेही कोणाला गावाचे नाव विचारले नव्हते. टॉमकॅटचे ८००९ हे दारही, अपाचे पुढे नसेल तर, बंदच करावे; फेब्रुवारी २०२० मध्ये त्यातूनच फाईली वाचता येतात असे उघड झाले होते.

आणि टॉमकॅट ९ वरून १० वर जाण्याची घाई करणाऱ्यांनी हे जाणावे की, जकार्ता ई-ई ९ ने पॅकेजांची नावे ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ केली आहेत. जुनी वॉर फाईल नव्या सर्व्हरवर कधी चुकीविना चढते आणि मग प्रत्येक पानाला ४०४ देते, कारण तिच्या सर्व्हलेटांना नवा सर्व्हर ओळखतच नाही. अशी फाईल नेहमीच्या फोल्डरऐवजी वेब-अ‍ॅप्स-जावा-ई-ई या नावाच्या फोल्डरमध्ये टाकली तर टॉमकॅट १० ती स्वतः नव्या नावांत रूपांतरित करून घेतो. ही सोय मूळ प्रोग्राम हरवलेल्या संस्थांच्या विशेष उपयोगाची आहे.