परिचारिकांचें शिक्षण आणि गरिबांची वस्ती

रोग्याची शुश्रूषा करण्यास अंतःकरणांत दया असली म्हणजे पुरे, असा पुष्कळांचा समज असतो. दया ही मूळ गोष्ट खरी. परंतु जखम कशी धुवावी, साथीचा रोगी इतरांपासून वेगळा कसा ठेवावा, हें दयेनें आपोआप कळत नाहीं. तें शिकावें लागतें. याचा एक उत्तम दाखला इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराच्या इतिहासांत सांपडतो. तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत लिव्हरपूल हें भरभराटीचें बंदर होतें. पण गोदीवर राबणाऱ्यांचीं कुटुंबें अंधाऱ्या तळघरांतून दाटीनें राहत. १८५९ सालीं विल्यम रॅथबोन नांवाच्या व्यापाऱ्याची पत्नी दुखण्यानें वारली. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन या परिचारिकेनें केली होती. संपन्न घरांत दुखणें इतकें जड, तर गरिबांच्या घरीं काय होत असेल, या विचारानें रॅथबोन यांनीं तिला तीन महिने गरीब वस्तींत पाठविलें. महिन्याभरांत ती परत आली व हें दुःख पाहवत नाहीं, मला मोकळें करा, असें म्हणूं लागली. त्यांनीं तिला धीर दिला. मुदत संपली तेव्हां मात्र तेंच काम पुढें चालविण्याची तिची इच्छा झाली.

आतां अशा आणखी परिचारिका नेमाव्या, तर शिकलेल्या स्त्रियाच मिळेनात! पैसा होता, इच्छा होती, हात नव्हते. रॅथबोन यांनीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला विचारला. या बाईंनीं १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढविली होती. त्यांचा सल्ला असा कीं, आपल्याच शहरांत परिचारिका तयार कराव्या. त्याप्रमाणें १८६२ सालीं तेथील रॉयल इन्फर्मरीला जोडून शाळा व परिचारिकांचें निवासगृह उभें राहिलें. पुढें शहराचे १८ भाग पाडून प्रत्येक भागांत परिचारिका नेमण्यांत आली.

१८६५ सालीं अॅग्नेस जोन्स या बाई १२ शिक्षित परिचारिका घेऊन तेथील निर्धनांच्या सार्वजनिक रुग्णालयांत रुजू झाल्या. तेथें बाराशेंहून अधिक रोगी असत. पूर्वी त्यांची देखभाल तेथल्याच अशिक्षित निराधार स्त्रिया करीत. तीन वर्षें अहोरात्र श्रम करून, १८६८ सालीं टायफस तापानें बाई ३५ व्या वर्षीं निवर्तल्या. काम मात्र थांबलें नाहीं. कारण तें आतां एकटीवर अवलंबून नव्हतें.

शुभवर्तमानांतील शोमरोनी मनुष्यानें जखमा बांधल्या, एवढ्यावर तो थांबला नाहीं. पुढील शुश्रूषेसाठीं त्यानें उतारशाळेच्या रक्षकाजवळ पैसेही ठेविले. दयेला व्यवस्थेची जोड हवी, हेंच त्याचें तात्पर्य होय.

आपल्या देशांत एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १५७ नवीं परिचर्या महाविद्यालयें मंजूर केलीं. त्यांतून दरवर्षीं सुमारें १५,७०० जागा निर्माण व्हाव्या असा हेतु आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जागा वाढल्यानें अर्धेंच काम होतें. शिकलेली परिचारिका झोंपडवस्तींतल्या दवाखान्यांत टिकावी, तर तिला योग्य वेतन, सुरक्षित निवास व समाजाचा मान हीं तिन्ही मिळालीं पाहिजेत. लिव्हरपूलनें शाळेबरोबर निवासगृह बांधलें, यांतला शहाणपणा विसरूं नये.

पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, आपली कन्या "मी नर्स होतें" असें म्हणाली, तर कपाळाला आठ्या घालूं नयेत. मुलगा म्हणाला तरीही नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आपलें आजारपण आठवा. उशाशीं जागणारा हात कोणाचा होता? तसा शिकलेला हात प्रत्येक गल्लींत पोहोंचावा, म्हणून तुमच्यांतील कांहीं जणांनीं तरी पुढें यावें.