आरोग्य-पाठ : मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडलेले पाणी



मेळघाटात लेकराचे पोट फुगले, रडणे थांबेना, की काही घरांत अजूनही आधी भूमका आठवतो. तापल्या लोखंडाने पोटावर चटके देतात. त्याला तिकडे डंबा म्हणतात. पोटफुगीचे कारण बहुधा साधेच असते. पण क्वचित कुशीत हाताला लागणारी गाठ म्हणजे फुगलेले मूत्रपिंड असते, आणि ते चटक्याने ओसरत नाही.

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी आधी नरसाळ्यासारख्या पिशवीत जमते आणि मूत्रवाहिनीच्या बारीक नळीतून मूत्राशयात उतरते. ही नळी मोठ्या माणसात सुमारे 25 सेंटिमीटर असते. नरसाळे आणि नळी यांचा सांधा काही बाळांत जन्मतःच अरुंद असतो. कधी एखादी रक्तवाहिनी आडवी येऊन नळीला दाबते. दार न उघडलेल्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबावे तसे मूत्रपिंड फुगते, आणि त्याचा कामाचा भाग हळूहळू पातळ होत जातो. यात आईचा दोष नाही, कोणाची करणीही नाही. हे गावात स्पष्ट बोलले पाहिजे.

फसवते ते दुखणे. कुशीत कळ येते, उलट्या होतात, भरपूर पाणी प्यायल्यावर त्रास वाढतो आणि मग आपोआप थांबतो. घरचे म्हणतात, "बरं झालं," आणि कामाला लागतात. अडथळा तिथेच असतो. दुसरे मूत्रपिंड काम ओढत राहते, म्हणून एक निकामी होत आले तरी कळत नाही. लघवीत रक्त दिसले किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साध्या सोनोग्राफीत ही सूज दिसते, पुष्कळदा बाळ पोटात असतानाच. अशा बाळाची जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी करावी. सूज म्हणजे ऑपरेशनच, असे नाही; कित्येक बाळांत ती आपोआप कमी होते, मात्र तपासण्या चुकवू नयेत. गरज पडल्यास पायलोप्लास्टी करतात, म्हणजे अरुंद भाग काढून सांधा रुंद जोडतात. दहांपैकी नऊंहून अधिक रुग्णांना तिचा गुण येतो.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मूल दाखवावे. मोठ्या रुग्णालयात रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटावे आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे विचारावे.

पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले, हे आपण मार्काच्या दुसऱ्या अध्यायात वाचतो. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. मजुरी बुडते, भाषा अडते. आपल्या देणगीतून तिकिटाचे पैसे होतील, पण कोरकू बोलणारा सोबती त्याहून मोलाचा.

एक गोष्ट सोबत्याने वहीत लिहूनच ठेवावी. ऑपरेशनवेळी आत बहुधा स्टेंट नावाची बारीक नळी ठेवतात आणि ती काही आठवड्यांनी काढावी लागते. दुखत नाही म्हणून लोक परत जात नाहीत. विसरलेल्या नळीवर खडे धरतात, जंतुसंसर्ग होतो, आणि वाचवलेले मूत्रपिंड पुन्हा धोक्यात येते. म्हणून नळी काढण्याची तारीख, आणि त्या फेरीचे गाडीभाडे, दोन्ही घरी परततानाच ठरवून घ्यावे.