परगावचा नाताळ

शास्त्रपाठ : लूक २:१-२०, लूक २:४१-५२, यिर्मया २९:४-७

डिसेंबर लागला की आमच्या बालाघाटातील ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न हमखास निघतो, "यंदा नाताळ कुठे?" पूर्वी हा प्रश्न कोणी विचारीत नसे. नोकरीनिमित्त बाहेर गेलेली मुले चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत घरी येत आणि पंचवीसच्या सकाळी सारे कुटुंब एका बाकावर बसे. आता गाडी उलट दिशेने भरून जाते. मुलगा मुंबईस, मुलगी नागपुरास, आणि रजा मिळते ती एक दिवसाची. म्हणून म्हातारे आईवडीलच पिशव्या भरून निघतात. पिशवीत आपल्याकडचा चिन्नोर तांदूळ, करंज्या, अनारसे आणि नातवंडांसाठी विणलेले स्वेटर. बालाघाटहून गोंदिया चाळीसेक किलोमीटर, तेथून विदर्भ एक्सप्रेस. मुंबईपर्यंतचा सारा प्रवास सुमारे १००० किलोमीटरांचा होतो.

आपल्या जिल्ह्याचा नागपूरशी संबंध जुना आहे. मध्य प्रांताच्या काळी बालाघाट नागपूर विभागातच होते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, तरी घरातली मराठी व सोयरीक दोन्ही टिकली. तेव्हा शहराकडे जाणे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते सणाला मंडळी सोडून जाणे.

याविषयी मंडळीत दोन मते ऐकू येतात. काही वडीलधारे म्हणतात, "सण आपल्या मंदिरातच झाला पाहिजे, शहरात गेले की नाताळ बुडाला." तरुण म्हणतात, "कुटुंब एकत्र असले म्हणजे झाले. उपासना काय, कुठेही होते." दोन्ही बोलण्यांत काही खरे आहे, आणि दोन्हींत काही उणे आहे. म्हणून देवाचे वचन काय शिकवते ते आपण पाहू.

१. पहिला नाताळ घरी झाला नाही

योसेफ व मरीया यांचे घर गालीलातील नासरेथ गावी होते. प्रभूचा जन्म झाला तो यहूदीयातील बेथलेहेमात. मधली वाट सव्वाशे ते दीडशे किलोमीटरांची, म्हणजे बालाघाटहून नागपूर आहे त्याहून थोडी कमी. पण ती डोंगराळ होती आणि मरीयेचे दिवस भरत आले होते. ते हौसेने निघाले नव्हते. कैसराच्या हुकमाने नावनिशी व्हायची होती. तेव्हा ज्यांना नोकरीमुळे, आजारपणामुळे किंवा मुलांच्या अडचणीमुळे नाताळ परगावी करावा लागतो, त्यांनी खिन्न होऊ नये. पहिल्याच नाताळात पवित्र कुटुंब आपल्या घरापासून दूर होते.

येथे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. लूक २:७ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात "उतारशाळा" हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्द "कताल्युमा" असा आहे. हाच शब्द लूक २२:११ मध्ये पुन्हा येतो, आणि तेथे तो प्रभूने शिष्यांसह वल्हांडणाचे भोजन केले त्या घरातील पाहुण्यांच्या खोलीविषयी आहे. उलट, चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला ज्या धर्मशाळेत नेले तिच्यासाठी लूकाने (१०:३४) "पान्दोखेयॉन" हा वेगळाच शब्द वापरला आहे. म्हणून अनेक अभ्यासकांचे मत असे की, बेथलेहेमातील ते ठिकाण भाड्याची धर्मशाळा नसून एखाद्या नातलगाचे घर असावे. योसेफ दावीदाच्या घराण्यातला, आणि ते त्याच्या पूर्वजांचे गाव. नावनिशीमुळे पाहुण्यांची खोली भरून गेली असेल. त्या देशात साध्या घरांतून रात्री जनावरे आतल्याच खालच्या भागात बांधीत आणि गव्हाणी तेथेच असे.

आपल्या नाताळच्या नाटकात एक निर्दय उतारशाळेचा मालक असतो. तो दार उघडतो, "जागा नाही!" असे ओरडतो आणि दार लावून घेतो. मुलांना ते काम फार आवडते. परंतु लूकाच्या शुभवर्तमानात असा मालक कोठेच नाही. शास्त्र एवढेच सांगते की, उतरण्याच्या जागी त्यांना जागा नव्हती आणि बाळाला गव्हाणीत ठेवले. ज्या कोणाची ती गव्हाणी होती त्याने जे होते ते दिले, असेही आपण समजू शकतो.

हा मुद्दा शहरातील घरांना फार लागू आहे. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात मुलगा, सून, दोन मुले. आणि आता आईवडील व धाकटी बहीण. सून मनात म्हणते, "कुठे निजवू सगळ्यांना?" सासू मनात म्हणते, "आपण ओझे झालो." अशा वेळी पाहुण्याने पाहुणचाराची अपेक्षा कमी करावी आणि यजमानाने लाज सोडावी. भिंतीला पलंग नाही, तर जमिनीवर सतरंजी आहे. सुनेला कामावर जायचे असेल तर सासूने पोळ्या लाटाव्यात, सासऱ्याने मुलांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडावे. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूच्या नावाचा सण अडचणीच्या जागेत करण्यात कमीपणा नाही.

२. सणासाठी मोठ्या शहरी गेलेले कुटुंब

लूकाच्या त्याच अध्यायात दुसरा प्रवास आहे. येशू बारा वर्षांचा असता योसेफ व मरीया नेमाप्रमाणे वल्हांडणासाठी यरुशलेमेस गेली. नासरेथ खेडे, यरुशलेम राजधानी. सणाच्या गर्दीने शहर फुललेले. परत निघाल्यावर एक दिवसाची वाट चालून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की मुलगा बरोबर नाही. तो नातलगांत व ओळखीच्यांत असेल असे त्यांना वाटले होते. शेवटी तिसऱ्या दिवशी तो मंदिरात, गुरुजनांमध्ये बसलेला सापडला.

हा पाठ नीट वाचावा. आईबाप देवभीरू होते, सणासाठीच आले होते, सण पूर्ण पाळूनही झाला होता. तरीसुद्धा ज्याच्यासाठी सारे काही होते तोच बरोबर आहे असे त्यांनी गृहीत धरले. शहरातील नाताळात हेच घडण्याचा संभव असतो. चोवीसच्या रात्री रोषणाई पाहायला जातात, मोठ्या दुकानांतून कापसाचे बर्फ आणि लाल टोपीचा नाताळबाबा पाहतात, मुलांचे फोटो काढतात, बारा वाजता परततात. आणि पंचवीसच्या सकाळी सारे घर झोपलेले! नातलग सर्व आहेत, जेवण उत्तम आहे. फक्त प्रभू नातलगांत कुठेतरी असेल असे सर्वांनी धरून चाललेले असते. रोषणाई पाहण्यात पाप नाही. पण उपासनेची वेळ आधी ठरवावी आणि बाकीचे बेत तिच्या भोवती लावावेत.

यासाठी घरून निघण्यापूर्वीच चौकशी करावी : जवळची मंडळी कोणती, उपासना किती वाजता, मराठी की हिंदी. आपल्या पाळकांकडून ओळखीचे पत्र घ्यावे, म्हणजे तेथील पाळकांना व आपल्यालाही सोयीचे होते. "उपासना-संगीत" बरोबर ठेवावे. मुलांना शहरातील जुनी मंदिरे अवश्य दाखवावीत. मुंबईतील सेंट थॉमस मंदिराचा पाया १७ व्या शतकात घातला गेला. काम अनेक वर्षे अर्धवट पडून होते. शेवटी १७१८ साली नाताळच्या दिवशीच ते उपासनेसाठी उघडण्यात आले. जुन्या किल्ल्याच्या ज्या वेशीतून त्या मंदिराकडे वाट जात असे, तिच्यावरून चर्चगेट हे नाव पडले. रोज लाखो माणसे ते नाव घेतात. त्यात मंदिराची आठवण आहे हे आपल्या मुलांना तरी कळावे. नागपुरास जाणाऱ्यांनी ऑल सेंट्स कॅथीड्रल पाहावे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. परक्या मंदिरात आपण परके नाही, हे अशा ठिकाणी चांगले समजते.

३. त्या शहराचे हित पाहा

यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना पत्र लिहिले. इ. स. पू. ५९७ मध्ये नेलेली ही माणसे मनाने यरुशलेमेतच राहत होती. संदेष्ट्याने त्यांना कळवले की, घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात देवाने तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

आपली मुले शहरात बंदिवान नाहीत, तथापि त्यांची मने पुष्कळदा तशीच असतात. दहा दहा वर्षे मुंबईत राहून ती कोणत्याच मंडळीची सभासद होत नाहीत. "आमची मंडळी बालाघाटची," असे म्हणतात आणि वर्षात एक दिवस तेथे येतात. आता तर आईवडीलच शहरात येऊ लागले, म्हणजे तो एक दिवसही गेला! म्हणून आईवडिलांनी नाताळला शहरात जावे ते केवळ नातवंडांना भेटायला नव्हे. मुलाला व सुनेला बरोबर घेऊन तेथील मंडळीत जावे, पाळकांची ओळख करून द्यावी, आणि आपण परतल्यावरही ती तेथे जात राहतील असे पाहावे. आईने केलेली ही ओळख पुष्कळ दिवस टिकते.

आम्ही एका नाताळात धाकट्या भावाकडे ठाण्यास होतो. आई सकाळपासून गप्प होती. मंदिरातील आपली जागा तिला आठवत होती. उपासनेहून परतताना इमारतीच्या रखवालदाराशी ती दोन शब्द बोलली, तेव्हा कळले की तो बैहरकडचा. त्याचे घर डोंगरापलीकडे आणि सणावारी त्याला कधी सुटी मिळत नाही. आईने त्याच्यासाठी ताट वाढून खाली नेले व तो जेवेपर्यंत त्याच्याजवळ बसून गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी केली. त्या दिवशी आईचा नाताळ तेथे सुरू झाला असे आम्हांला वाटते. शहरात आपल्यासारखे घरापासून दूर असलेले पुष्कळ आहेत : रात्रपाळीच्या परिचारिका, वसतिगृहातील विद्यार्थी, बांधकामावरचे मजूर. आपल्या ताटातील करंजी त्यांच्यापर्यंत जावी.

आपल्या महाराष्ट्रातील शुभवर्तमानाचा इतिहासही घर सोडलेल्या माणसांचाच आहे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवू पाहत होते. हॉल येथेच राहिले. १८२६ साली नाशिककडील प्रवासात पटकीने त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे कुटुंब मायदेशी रवाना झालेले होते. जेथे ते परके होते तेथील लोकांचे हित त्यांनी पाहिले.

४. मागे राहिलेल्यांचे काय?

हा सर्वांत अवघड भाग आहे, आणि याविषयी कोणी फारसे बोलत नाही. चार कुटुंबे शहरास गेली की लहान मंडळीत मोठी पोकळी पडते. ढोलक वाजवणारा नाही, पेटी वाजवणारी नाही, मेंढपाळांची कामे करणारी मुले नाहीत. ज्या विधवा बहिणीला मूलबाळ नाही, ती नाताळच्या दुपारी एकटी जेवते. शहरास जाणाऱ्याला मुलांचे बोलावणे असते. तिला कोणाचेच नसते.

मेंढपाळांची आठवण येथे ठेवावी. बेथलेहेमात नावनिशीची धावपळ चालू असता ते रानातच राहिले, कारण कळपाला सोडून जाणे शक्य नव्हते. देवदूताने पहिली वार्ता त्यांनाच दिली. मागे राहणारा देवाच्या विसरात नसतो. पण मंडळीनेही त्याला विसरू नये. म्हणून जाणाऱ्यांनी एवढे करावे :

- पहिल्या आठवड्यातच पाळकांना कळवावे, म्हणजे कामे दुसऱ्यांना देता येतील.
- नाताळचे दान जाण्यापूर्वी द्यावे.
- फराळाचा एक डबा मागे राहणाऱ्या घरी पोहोचवावा, आणि त्या व्यक्तीला पंचवीसच्या दुपारी कोणाकडे जेवायला बोलावले आहे याची खात्री करून मगच गाडीत बसावे.
- शक्य असेल त्यांनी एक वर्ष शहरात व एक वर्ष आपल्या मंडळीत असा क्रम ठेवावा, आणि त्या वर्षी मुलांना रजा काढून घरी बोलवावे.

चर्चेसाठी प्रश्न

(१) लूक २:१-२० मध्ये नसलेल्या कोणत्या गोष्टी आपण नाताळच्या नाटकात घालतो?
(२) योसेफ व मरीया यांनी येशूला प्रथम कोठे शोधले, आणि तो कोठे सापडला?
(३) यंदा आपल्या मंडळीत नाताळच्या दिवशी एकटे कोण असेल? वर्गाने त्या व्यक्तीसाठी काय करावे?

प्रार्थना : हे प्रभू, तू घरापासून दूर जन्मलास. जे प्रवासात आहेत त्यांना सांभाळ, जे शहरात आहेत त्यांना तुझ्या मंडळीत जागा दे, आणि जे मागे एकटे आहेत त्यांच्याकडे आमची पावले वळव. आमेन.