खांबापासून घरापर्यंत : भारतातील वीज कायद्यांची वाटचाल

गावातून विजेची तार गेली म्हणजे गावातील प्रत्येक घराला वीज मिळतेच असे नाही. तार रस्त्यावरच्या खांबावरून जाते आणि खांब व घर यांच्यामध्ये काही अंतर उरते. हे अंतर किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या अटींवर पार करावयाचे, हे ठरविण्याचे काम कायद्याचे आहे. भारतातील वीज कायद्यांचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास हा एका अर्थाने याच अंतराचा इतिहास आहे.

सुरक्षिततेपासून प्रारंभ

कलकत्त्यात विजेच्या दिव्याचे प्रात्यक्षिक १८७९ मध्ये झाले आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८७ मध्ये, विजेविषयीचा पहिला कायदा झाला. विजेपासून माणसांच्या जीविताला आणि मालमत्तेला अपाय होऊ नये, एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. वीज कोणाला मिळावी याविषयी त्यात काही म्हटलेले नव्हते आणि तसे म्हणण्याची त्या वेळी गरजही कोणाला वाटली नसावी. वीज तेव्हा एक नवलाची आणि काहीशी भयप्रद वस्तू होती.

सुरक्षिततेचा हा धागा पुढेही तुटला नाही. १९५६ च्या नियमांनी उच्च दाबाच्या यंत्रसामग्रीजवळ कवटी व हाडांच्या चिन्हासह धोक्याची सूचना स्थानिक भाषेत लावणे बंधनकारक केले. रोहित्राच्या जाळीवर दिसणारी ‘धोका’ ही पाटी म्हणजे कायद्याचे सर्वसामान्य माणसाला घडणारे पहिले, आणि कित्येकदा एकमेव, दर्शन होय.

परवाना आणि शंभर फूट

१८९५ मध्ये केवळ कलकत्ता शहरासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. १९०३ मध्ये सर्व देशासाठी एक कायदा आला, परंतु तो अपुरा ठरल्याने १९१० चा भारतीय विद्युत अधिनियम करण्यात आला. या अधिनियमाने पुढे नव्वदाहून अधिक वर्षे वीजपुरवठ्याची चौकट पुरविली.

त्याची मूळ कल्पना परवान्याची होती. खाजगी कंपनीने ठराविक क्षेत्रात वीज पुरविण्याचा परवाना घ्यावा, रस्ते खणण्याचा व तारा टाकण्याचा अधिकार तिला मिळावा आणि त्या बदल्यात काही कर्तव्ये तिने पत्करावीत, अशी ही देवघेव होती. परवान्याची मुदत संपल्यावर तो उपक्रम विकत घेण्याचा हक्क सार्वजनिक संस्थांसाठी राखलेला असे. मुंबईत १९०५ मध्ये स्थापन झालेली वीज व ट्राम कंपनी १९४७ मध्ये महानगरपालिकेच्या मालकीची झाली, ती अशाच स्वरूपाच्या हक्काच्या आधारे.

कंपनीच्या कर्तव्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य अधिनियमाच्या परिशिष्टात होते. वितरण वाहिनीच्या जवळ असलेल्या घरमालकाने किंवा रहिवाशाने मागणी केली असता कंपनीने एक महिन्याच्या आत त्याला वीज दिली पाहिजे, असा तो दंडक होता. मात्र वाहिनीपासून शंभर फुटांपलीकडच्या तारेचा आणि घराच्या आवारातील तारेचा खर्च मागणाऱ्याने सोसावयाचा होता. ज्या रस्त्यावर वाहिनीच नाही, तेथील सहा किंवा अधिक रहिवाशांनी एकत्र येऊन ठराविक काळ वीज घेण्याची हमी दिल्यास वाहिनी टाकण्याची मागणी त्यांना करता येत असे. बिल थकले तर सात पूर्ण दिवसांची लेखी सूचना दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नसे.

या तरतुदी ग्राहकाच्या बाजूच्या होत्या, यात शंका नाही. परंतु त्यांचा लाभ खांबाच्या जवळ राहणाऱ्यालाच होता. परवान्याच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्याने कोणाकडे दाद मागावी, याचे उत्तर या अधिनियमात नव्हते. आणि जेथे नफ्याची शाश्वती आहे, अशा शहरांसाठीच परवाने मागितले जात, हे उघड आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित वीजक्षमता १,३६२ मेगावॅट होती आणि वीज पोहोचलेल्या खेड्यांची संख्या जेमतेम दीड हजार होती.

मंडळांचा काळ

हे चित्र बदलावयाचे तर वीज हा केवळ व्यापाराचा विषय राहून चालणार नाही, हा विचार स्वातंत्र्यापूर्वीच मांडला गेला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विद्युतशक्तीचाही विषय होता. औद्योगिकीकरणासाठी स्वस्त व मुबलक वीज आवश्यक असून तिची उभारणी सरकारने हाती घेतली पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी केले. स्वतंत्र भारताचे बांधकाम, खाणी व वीज खात्याचे मंत्री न. वि. गाडगीळ यांच्या कारकीर्दीत १९४८ चा विद्युत (पुरवठा) अधिनियम संमत झाला. पुढे राज्यघटनेने वीज हा विषय समवर्ती सूचीत ठेवला, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार केंद्र व राज्ये या दोघांनाही दिला.

१९४८ च्या अधिनियमाने राज्य विद्युत मंडळे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांची तरतूद केली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये अस्तित्वात आले. जेथे कोणतीही कंपनी गेली नसती, अशा डोंगरकपारीत मंडळांनी तारा नेल्या. शेतातील पंप विजेवर चालू लागले. हे कार्य थोडे नव्हते.

परंतु मंडळांच्या रचनेत एक मूलभूत दोष होता. वीज निर्माण करणारी, विकणारी, तिचा दर ठरविणारी आणि ग्राहकाची तक्रार ऐकणारी संस्था एकच होती. शिवाय धोरणविषयक बाबतीत राज्य सरकारचे आदेश तिच्यावर बंधनकारक होते. मंडळाने खर्च भागवून काही शिल्लक राखावी, अशी कायद्याची अपेक्षा होती आणि पुढे ती तीन टक्के अशी निश्चितही करण्यात आली. व्यवहारात दर ठरत, ते राजकीय सोयीने. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक राज्यांत शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली आणि तमिळनाडूने १९९० मध्ये सर्व शेतकऱ्यांना मोफत वीज दिली. मीटर गेल्यावर वीज शेतात किती गेली आणि वाटेत किती गळाली किंवा चोरली गेली, हे सांगण्याचे खात्रीचे साधनच उरले नाही.

दुसरा दोष शब्दांच्या व्याख्येत लपलेला होता. गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव ‘विद्युतीकृत’ समजले जाई. शिवारातल्या एका पंपाला वीज मिळाली की सारे गाव यादीत चढे, मग एकाही घरात दिवा नसला तरी चाले. १९९७ मध्ये वीज वस्तीच्या भागात वापरली जावी, अशी अट घालण्यात आली. २००४ मध्ये शाळा, पंचायत, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक जागी वीज आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी, अशी नवी कसोटी ठरली. म्हणजे शंभर घरांच्या गावात नव्वद घरे अंधारात असली तरी ते गाव उजळलेले मानता येत होते.

२००३ चा अधिनियम

मंडळे कर्जात बुडू लागली तेव्हा बदल अपरिहार्य झाला. ओरिसाने, म्हणजे आजच्या ओडिशाने, १९९५ मध्ये कायदा करून आपले मंडळ विभागले आणि दर ठरविण्याचे काम स्वतंत्र नियामक आयोगाकडे सोपविले. केंद्राने १९९८ मध्ये हीच कल्पना देशासाठी स्वीकारली आणि १९१०, १९४८ व १९९८ चे तिन्ही कायदे रद्द करून १० जून २००३ पासून नवा विद्युत अधिनियम अमलात आणला.

या अधिनियमाने विक्रेत्याकडून दर ठरविण्याचा अधिकार काढून घेतला. आयोगाने जनतेच्या हरकती ऐकून दर निश्चित करावयाचा असतो. सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यावयाची असेल, तर तिची रक्कम त्याने आगाऊ भरावी, असेही बंधन आहे. एका गटाकडून जास्त दर घेऊन दुसऱ्याला सवलत देण्याची पद्धत कमी करीत अखेरीस नाहीशी करावी, असे मूळ अधिनियमात म्हटले होते. २००७ च्या दुरुस्तीने ‘नाहीशी करावी’ हा भाग गाळला आणि कमी करण्याचे उद्दिष्ट तेवढे ठेवले. याच दुरुस्तीने खेड्यांबरोबर वाड्यावस्त्यांनाही वीज उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न करणे, ही केंद्र व राज्य सरकारांची संयुक्त जबाबदारी ठरविली.

ग्राहकाचे हक्क

सर्वसामान्य घराच्या दृष्टीने कलम ४३ महत्त्वाचे आहे. अर्ज मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत पुरवठा करणे हे वितरकाचे कर्तव्य असून, कसूर झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवी वाहिनी टाकावी लागत असेल तर मुदत वाढते, आणि तारेचा वाजवी खर्च अजूनही ग्राहकाकडून घेता येतो. शंभर फुटांचा जुना प्रश्न सौम्य झाला आहे, संपलेला नाही. २०२० मध्ये केंद्राने ग्राहकांच्या हक्कांविषयी नियम केले. २०२४ च्या दुरुस्तीनुसार जोडणीची कमाल मुदत महानगरांत तीन, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी आहे. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ती तीस दिवस आहे.

थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी आता पंधरा पूर्ण दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. दोन वर्षांहून जुनी रक्कम बिलात सतत दाखविलेली नसेल, तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. चुकीमुळे राहून गेलेली रक्कम वितरक नंतर मागू शकेल, परंतु दोन वर्षांनंतर त्यासाठी पुरवठा तोडण्याचे हत्यार त्याला वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तक्रारीसाठी प्रत्येक वितरकाकडे गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, अशी व्यवस्था आहे.

या संरक्षणापुढे आता नवा प्रश्न उभा राहत आहे. आगाऊ पैसे भरावयाच्या मीटरमध्ये शिल्लक संपताच पुरवठा आपोआप थांबू शकतो. अशा घरापुरता पंधरा दिवसांच्या सूचनेचा अर्थ काय उरतो, याचा विचार नियम करणाऱ्यांना करावाच लागेल. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला सवड म्हणून मिळणारे ते पंधरा दिवस क्षुल्लक नसतात.

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लैसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील प्रत्येक वस्ती असलेले गाव विद्युतीकृत झाल्याचे सरकारने जाहीर केले. तरीही घराघरांत जोडणी देण्यासाठी आदल्याच वर्षी सौभाग्य ही वेगळी योजना सुरू करावी लागली होती आणि तिच्याखाली पुढे सुमारे २.८ कोटी घरांना जोडण्या मिळाल्या. गाव आणि घर यांतील फरक किती मोठा होता, हे यावरून लक्षात येते. जोडणी मिळाल्यानंतरही दाब पुरेसा आहे का, पुरवठा नियमित आहे का, बिल बरोबर आहे का, हे प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरे मागण्याचा अधिकार आज कायद्याने दिला आहे. हा अधिकार आपल्याला आहे, ही माहिती मात्र प्रत्येक ग्राहकापर्यंत अजून पोहोचावयाची आहे.