अन्नातील जंतूंचा आतड्यापर्यंतचा प्रवास
(इयत्ता चौथी व पाचवी : आरोग्यपाठासाठी टिपण)

प्रस्तावना : पावसाळा सुरू झाला की ताम्रपर्णी व घटप्रभा या नद्यांचे पाणी गढूळ होते, वाड्यावस्त्यांवरील विहिरी भरून येतात आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. ‘पोट बिघडले’ एवढेच कारण घरून सांगितले जाते. पोट बिघडते म्हणजे आत नेमके काय घडते, हे मुलांस उमगले तर हात धुण्याचा नियम त्यांना जाच वाटणार नाही.

विषय-विवेचन : अन्नाबरोबर गिळलेल्या जंतूंस पहिला अडसर जठराचा. जठररस इतका आम्ल असतो की बहुतेक जंतू तेथेच मरतात. पटकीचे जंतू आम्लापुढे फार दुबळे. म्हणून रोग होण्यास ते सामान्यतः फार मोठ्या संख्येने पोटात जावे लागतात. मात्र अन्नाच्या घासात ते झाकले गेले, तर आम्लाचा मारा सौम्य होतो व थोडेही निभावतात. याउलट शिगेला जातीचे आमांशाचे जंतू आम्ल सोसतात. दहा ते शंभर जंतूही मुलास आजारी पाडण्यास पुरतात. न धुतलेल्या बोटावर एवढे सहज मावतात.

पुढे लहान आतड्यात पित्त, बुळबुळीत श्लेष्मा आणि आतड्याची सतत चालणारी हालचाल जंतूंस पुढे ढकलू पाहते. शिवाय आतड्यात पूर्वीपासून नांदणारे उपकारक जंतू नवख्यास जागा व अन्न मिळू देत नाहीत. तरीही काही रोगजंतू केसासारख्या तंतूंनी आतड्याच्या भिंतीस चिकटतात. पटकीचा जंतू भिंतीत शिरत नाही. तेथे बसून विष सोडतो व त्यामुळे शरीरातील पाणी आणि क्षार आतड्यात झरू लागतात. हे विष १९५९ साली कलकत्त्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी प्रयोगाने दाखवून दिले. विषमज्वराचा जंतू मात्र भिंत ओलांडून रक्तात जातो. बरे झालेल्या काही माणसांच्या पित्ताशयात तो पुढेही टिकून राहतो. म्हणून स्वयंपाक करणाऱ्याची प्रकृती उत्तम दिसली तरी शौचानंतर साबणाने हात धुणे अटळ ठरते.

शाळेतील खिचडी : भातात आढळणारे काही जंतू बीजाणूच्या रूपाने उकळीतही जिवंत राहतात. भात कोमट होऊन पडून राहिला की ते वाढतात. त्यांतील काही जे वांतीकारक विष तयार करतात, ते पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. हा भाग अंकगणिताच्या तासास जोडावा. अनुकूल उबेत काही जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी दहाला एकच जंतू वाढू लागला असे धरल्यास दुपारी एक वाजता ५१२ आणि संध्याकाळी पाच वाजता २०,९७,१५२ जंतू होतील.

काही मुले आपल्या वाट्याची खिचडी धाकट्या भावंडासाठी डब्यातून घरी नेतात. त्यामागील माया शिक्षकांनी ओळखावी. अशा मुलास चारचौघांत बोलू नये. घर जवळ असल्यास अन्न गरम असतानाच पोहोचवू द्यावे. घर लांब असल्यास पालकांची भेट घेऊन धाकट्यास अंगणवाडीचा आहार मिळतो की नाही, याची चौकशी करावी. संध्याकाळपर्यंत दप्तरात राहिलेला डबा त्या लहानग्यास अपायकारक होऊ शकतो, हे आईला शांतपणे समजावून द्यावे.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘रात्रभर आंबवलेल्या नाचणीच्या पिठाची आंबील कशी चालते?’ आंबवणारे जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात पुष्कळसे रोगजंतू वाढू शकत नाहीत, हे उत्तर द्यावे.

कृती : दोन मुलांच्या तळहातांस तेल व हळद लावावी. एकाने नुसत्या पाण्याने, दुसऱ्याने साबणाने हात धुवावेत. नंतर दोघांनी पांढऱ्या कापडास हात पुसावेत. दोन्ही डागांची तुलना मुलांनीच करावी.

शिक्षकांनी पाळावयाच्या गोष्टी : खिचडी शिजताच वाढावी, वाढण्यापूर्वी चव घेण्याचा दंडक चुकवू नये. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाविषयी ग्रामपंचायतीकडे विचारणा करावी. जुलाब झालेल्या मुलास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. डोळे खोल गेले, मूल सुस्तावले किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

स्वाध्याय :
१. जठरातील आम्लाचा उपयोग काय?
२. पटकीचा व विषमज्वराचा जंतू यांच्या वागण्यात फरक कोणता?
३. शिळा भात पुन्हा उकळला तरी तो निर्धोक का म्हणता येत नाही?
४. आपल्या घरी उरलेल्या अन्नाचे काय करतात, ते आईस विचारून लिहा.